ब्रेकखाली सांडलेले पेट्रोल

घरखर्चाची वही

‘किती देते?’ हा प्रश्न आपल्याकडे दोघींच्याच बाबतीत विचारला जातो. एक गाय आणि दुसरी गाडी. गाईचे उत्तर चटकन मिळते, कारण तिचे दूध रोज मापाने काढले जाते. गाडीच्या बाबतीत मात्र मालक जरा घुटमळतो, आकाशाकडे पाहतो आणि म्हणतो, “तशी देते पंधरा-सोळा.” या ‘तशी’मध्येच सारी गोम आहे. दुधाचा रतीब, वाण्याची यादी, शाळेची फी यांचा हिशेब पै-पैशाने सांगणाऱ्या घरातही पेट्रोलचा खर्च अंदाजपंचे चाललेला असतो. काटा लाल रेघेला टेकला की पंपावर जायचे, दोन हजारांचे टाकायचे आणि विसरून जायचे.

दिवाळी हा हिशेबाचा सण. तेव्हा या वर्षीच्या वहीत पहिले पान गाडीला देऊ.

आज मध्यम वर्गाच्या दाराशी जी गाडी उभी दिसते ती बहुधा छोटी एसयूव्ही. अंगाने उंच, चाकाने मोठी, पण लांबीने चार मीटरच्या आत. हा घाट काही केवळ हौसेने ठरला नाही, त्यात कराचा हात आहे. २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकाने ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० किंवा डिझेलवर १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत दिली. तीच मापे पुढे चालत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यांहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये. बघता बघता हा वाण घरोघरी रुजला. खड्ड्यांतून निर्धास्त जाते, पावसात पाण्यातून निघते, आजोबांना चढा-उतरायला सोपी. हे सर्व खरे. पण उंच अंगाला वारा जास्त लागतो आणि मोठ्या देहाला ढकलायला जोर जास्त लागतो, हेही तितकेच खरे. लहान मोटारीइतके कमी पेट्रोल ती पिणार नाही. तिच्याकडून जे मिळण्यासारखे आहे ते तरी आपण पुरते घेतो का, एवढाच आजचा प्रश्न.

नमुन्यादाखल एक घर घेऊ. पुण्यात कोथरूडला राहणारे. सूनबाई रोज गाडीने हिंजवडीला नोकरीला जातात. चांदणी चौकाचा चढ, मग बावधनचा उतार, बाह्यवळण रस्ता, वाकडचा पूल आणि पुढची ती सुप्रसिद्ध गर्दी. जायला १८ किलोमीटर, यायला १८. महिन्याचे बावीस दिवस धरले तर सुमारे ८०० किलोमीटर. सासरे निवृत्त आहेत आणि घरची वही त्यांच्या हाती आहे.

“सूनबाई, कंपनीच्या कागदावर एकोणीस लिहिलंय. आपली बारा देते. सात किलोमीटर वाटेत कोणी खाल्ले?”

“बाबा, तो कागद लिहिणारा एकदा सकाळी नऊला वाकडच्या पुलावर आणा. मग विचारू त्याला.”

दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचाही नसतो. गंमत अशी की ज्या संस्थेच्या नावाने हा आकडा ओळखला जातो, ती एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था कोथरूडजवळच, वेताळ टेकडीवर आहे. या चाचणीत गाडी रस्त्यावर जात नाही. बंद खोलीत फिरत्या रुळांवर तिची चाके ठेवतात आणि आधी ठरवून दिलेल्या वेगाने ती सुमारे वीस मिनिटे चालवतात. वेग ९० च्या वर जात नाही, एसी बंद असतो, मध्ये रिक्षा घुसत नाही आणि खड्डा येत नाही. सगळ्या गाड्यांना सारखी परीक्षा द्यावी, म्हणजे एकीची दुसरीशी तुलना करता येते. त्यापलीकडे त्या आकड्याला अर्थ नाही. तेव्हा एकोणिसाचा नाद सोडावा. बाराचे चौदा करता येतील का, ते पाहावे.

दोनाने काय होते, असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहा. ८०० किलोमीटरला बाराच्या भावाने ६६ लिटरांहून थोडे जास्त पेट्रोल लागते, चौदाच्या भावाने ५७. महिन्याला साडेनऊ लिटर वाचले. हिशेबाला सोपे जावे म्हणून लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेनऊशे रुपये झाले. वर्षाला अकरा हजारांच्या वर. आणि एक लक्षात घ्या. जी गाडी आधीच अठरा देते तिचे वीस केले तर त्याच ८०० किलोमीटरला साडेचार लिटरही वाचत नाहीत. म्हणजे जी गाडी कमी देते तिच्याकडे लक्ष देण्यातच जास्त फायदा आहे. युरोपात ‘लिटरला किती किलोमीटर’ असे न विचारता ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असे विचारतात, ते याचसाठी. खर्च लिटरांचा होतो, किलोमीटरांचा नव्हे.

आता मूळ मुद्द्याला येऊ. पेट्रोल जाते कुठे?

पुष्कळांना वाटते, गाडी धावते तेव्हा पेट्रोल खर्च होते. ते खरेच. पण गावातल्या रहदारीत त्याचा मोठा वाटा गाडी थांबवण्यात जातो. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून उदाहरण घेऊ. आपली गाडी माणसांसकट साधारण १२५० किलो वजनाची. तिला थांबल्या जागेवरून ताशी ५० च्या वेगाला न्यायचे तर ठरावीक शक्ती तिच्या अंगी भरावी लागते. पेट्रोलच्या उष्णतेतला फार तर चौथा भाग चाकांच्या कामी येतो, बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. हे धरून हिशेब केला तर गाडीला एकदा ५० च्या वेगाला आणण्यासाठी सुमारे १५ मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे चहाचे तीन चमचे. किंमत दीड रुपया.

ही शक्ती आता गाडीच्या अंगात आहे. नुसता पाय उचलला तर ती तुम्हाला बरेच अंतर फुकट नेईल. पण पुढे लाल दिवा दिसत असतानाही आपण शेवटपर्यंत दाबत जातो आणि दिव्यापाशी करकचून ब्रेक मारतो. ते तीन चमचे ब्रेकच्या तबकड्या तापवून हवेत विरून गेले. दिवा हिरवा झाला की पुन्हा तीन चमचे. वेग जास्त तर नुकसान दुपटीने नव्हे, चौपटीने वाढते. ताशी ३० वरून थांबलात तर एक चमचा, ५० वरून तीन, आणि ८० वरून थांबलात तर जवळजवळ आठ चमचे, म्हणजे ४० मिलिलिटर.

सूनबाईंच्या वाटेवर एका फेरीत चाळीस वेळा थांबावे लागते आणि ते सरासरी ४० च्या वेगावरून, असे धरू. एका थांब्याला सुमारे १० मिलिलिटर. दोन्ही फेऱ्या मिळून दिवसाला पाऊण लिटर पेट्रोल निव्वळ ब्रेकखाली सांडले. दिवसाचा एकूण खर्च तीन लिटरांचा, त्यातला हा चौथा हिस्सा. यांतले एक-तृतीयांश थांबे जरी टाळता आले तरी महिन्याला पाचसहा लिटर वाचतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वाहनचालकांसाठी दिलेला आकडाही याच दिशेचा आहे. थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत आडदांडपणे गाडी हाकल्याने ॲव्हरेज १० ते ४० टक्के घसरते, असे ते खाते सांगते.

याचा अर्थ ब्रेक दाबू नका असा कोणी घेऊ नये! समोर माणूस आला तर चमचे मोजत बसायचे नाहीत, ब्रेक मारायचाच. सांगायचे ते असे की ब्रेक दाबायची वेळ आपणहून ओढवून घेऊ नये. पुढच्या एका गाडीच्या पाठीवर डोळे न लावता तिच्यापुढच्या तीनचार गाड्यांकडे पाहावे. दूरवर लाल दिवे पेटलेले दिसले की तिथेच पाय उचलावा. मध्ये थोडी जागा राखावी. त्या जागेत दुचाकी घुसेल, रिक्षाही घुसेल. घुसू द्यावी. रिक्षा पुढे गेल्याने आपण ऑफिसात फार तर चार सेकंद उशिरा पोहोचतो, आणि चार सेकंदांत कोणाची बढती हुकल्याचे ऐकिवात नाही.

इथे एक जुना समज काढून टाकला पाहिजे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करावी म्हणजे पेट्रोल वाचते, असे वडीलधारे सांगत. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. आजच्या गाड्यांत पेट्रोल फवाऱ्याने सोडले जाते आणि त्यावर संगणकाची देखरेख असते. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि संगणक फवारा बंद करतो. खर्च शून्य. उलट न्यूट्रल केल्यावर इंजिन चालू राहण्यासाठी थोडे थोडे पेट्रोल लागतच राहते. शिवाय उतारावर इंजिनाचा आवर सुटतो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना किंवा खंबाटकीच्या घाटात गाडी गिअरमध्येच हवी. काही महाभाग उतारावर चावीच बंद करतात. त्यांचे स्टिअरिंग अडकू शकते आणि ब्रेकलाही मदत मिळेनाशी होते. अशा बचतीला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरी गळती सिग्नलवर. उभ्या गाडीचे छोटे पेट्रोल इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. रोजचे वीस मिनिटांचे उभे राहणे धरले तर पाव लिटर गेले. बऱ्याच सिग्नलांवर आता उरलेले सेकंद दिसतात. अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. पुन्हा सुरू करायला जास्त पेट्रोल लागते ही भीती व्यर्थ आहे, ते साधारण दहा सेकंदांच्या चालण्याइतकेच असते. नव्या गाड्यांत हे काम आपोआप होण्याची सोय असते. पण एसीची गार हवा जरा मंदावते म्हणून पुष्कळ लोक गाडीत बसल्याबरोबर ते बटण दाबून सोय बंद करतात. पैसे देऊन घेतलेली सोय आपणच बंद करावी, याला काय म्हणावे! निदान संध्याकाळी ऊन नसताना तरी ती चालू ठेवावी. याने महिन्याचे तीन लिटर सहज वाचतील.

गिअरचे म्हणाल तर साधा नियम. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास गेले की वरचा गिअर टाकावा. इंजिन कण्हू लागले, गाडीला हादरे बसू लागले, तर एक गिअर खाली यावे. टर्बो इंजिनांच्या मालकांनी विशेष जपावे. हे इंजिन लहान असते आणि हळू चालवले तर लहानासारखेच खाते. पाय जोराने दाबला की मात्र ते मोठ्याचा आव आणते आणि मोठ्याइतकेच जेवते.

आता टायरकडे या. चारी टायरांत प्रत्येक पौंडाने हवा कमी झाली की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्का उतरते. आकडा किरकोळ दिसतो, पण महिनोन् महिने न पाहिलेल्या टायरांत सातआठ पौंड सहज कमी निघतात. म्हणजे महिन्याला एक लिटर तिथे गेले, टायर कडेने झिजले ते वेगळेच, आणि पावसात गाडीची पकड कमी झाली ती त्याहून महत्त्वाची. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. पंपावरच्या पोऱ्याला “किती टाकू?” असे विचारू देण्याऐवजी तो आकडा पाठ करून जावे. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. दर पंधरा दिवसांनी पाहिली तर उत्तम.

माळ्याची साफसफाई झाली की डिकीचीही करा. गेल्या सुट्टीतली चटई, क्रिकेटची पेटी, भंगारात द्यायची रद्दी, पाण्याचे कॅन असे ४५ किलो ओझे वाहिले तर एक टक्का पेट्रोल जास्त लागते. वजनाहून वाईट ते टपावरचे ओझे. टपावर मोठी पेटी बांधली तर गावात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के ॲव्हरेज जाते. कोकणात जाताना बांधलेला कॅरिअर परत आल्यावर उतरवावा. शोभेसाठी वर्षभर वाऱ्याशी झुंज कशाला?

एसीविषयी लोक उगाच अपराधी होतात. धूर, धूळ आणि मे महिन्याचे ऊन यांत काचा खाली करून बसा, असे ही वही सांगणार नाही. दोन गोष्टी पुरेशा आहेत. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर पहिली दोन मिनिटे काचा उघडून गरम वाफ बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. आणि शक्य तर गाडी सावलीत लावावी.

बाजारात याहून सोप्या युक्त्या पुष्कळ विकल्या जातात. नळीला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, इंजिनाला जोडायच्या डब्या. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. त्यांतल्या फारच थोड्यांचा काही उपयोग दिसला, तोही किरकोळ. महागड्या पेट्रोलचेही तसेच. गाडीच्या पुस्तिकेत ते मागितले नसेल तर त्यावर पैसे घालू नयेत. एअर फिल्टर वेळेवर बदलावा, पण त्याने आजच्या गाडीचे ॲव्हरेज फारसे वाढत नाही, गाडीचा उठाव सुधारतो. ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितले असेल त्याच ग्रेडचे घालावे. त्यात टक्का-दोन टक्क्यांचा फरक पडतो.

काही गोष्टी आपल्या हाती नाहीत, त्याही वहीत टिपून ठेवाव्यात. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता. म्हणजे अशा मिश्रणाच्या एका लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के शक्ती कमी. गाडी त्या मिश्रणासाठी जुळवलेली असेल तर घट याहून कमी दिसते. तेव्हा ॲव्हरेज एकाएकी थोडे उतरले तर लगेच मेकॅनिकशी भांडायला जाऊ नये, आणि पाय जड झाला असेल तर सारा दोष इथेनॉलवरही ढकलू नये.

आतापर्यंतच्या साऱ्या उपायांना मागे टाकील असा एक उपाय शेवटाला ठेवला आहे. सूनबाईंच्या शेजारची आणि मागची जागा रोज रिकामी जाते. बावधनला कोणी मैत्रीण त्याच वाटेने जाणारी असेल, सोसायटीतला कोणी तरुण तिकडेच नोकरीला असेल, तर दोघांना घ्यावे. त्यांचे सव्वाशे किलो वजन वाढून पेट्रोल तीनएक टक्के जास्त लागेल, पण खर्चाचे वाटे तीन होतील. बाराचे चौदा करायला कसोशी लागते. इथे एका माणसामागे बाराचे पस्तीस होतात, आणि रस्त्यावरच्या दोन गाड्याही कमी होतात. अडचण पेट्रोलची नसते, आपल्या स्वभावाची असते. कोणाच्या दहा मिनिटांसाठी थांबायचे, गाणी कोणाच्या आवडीची लावायची, एवढ्यावरून आपण महिन्याचे तीनचार हजार रुपये सोडून देतो.

हे सारे करून फरक पडला की नाही, हे कसे कळावे? त्यासाठी गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, तो बहुधा मालकाची थोडी खुशामत करतो. एकाच पंपावर टाकी फुल्ल करावी, नळी आपोआप बंद झाली की थांबावे, किलोमीटर लिहावेत. पुढच्या वेळी पुन्हा तसेच फुल्ल करावे, आणि मधल्या किलोमीटरांना या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. एका टाकीवर निकाल देऊ नये, तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

पाडव्याला व्यापारी नवी वही घालतात. आपणही एक शंभर पानी वही आणावी आणि गाडीच्या कप्प्यात पेनासकट ठेवावी. पहिल्या ओळीवर तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहावेत. वही ज्याच्या हाती असेल त्याने गाडी चालवणाऱ्याला रोज टोचू नये, महिन्यातून एकदा आकडा दाखवावा, तेवढे पुरते. पुढल्या दिवाळीला कोणी विचारलेच, “किती देते?” तर त्या उत्तरात ‘तशी’ हा शब्द येणार नाही.